मामांच्या हातचा घास

८ ऑगस्ट

बेबी,

मोडक्या बिस्किटांचा डबा पोचला. फोनवर आपण दोघी नुसतं "बरं आहे, बरं आहे" म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहायला बसले. तुझ्या कारखान्यात बिस्किटं मोडतात ती मोडोत, पण इकडे पाठवू नकोस, हे तुला किती वेळा सांगायचं? डबा मी कपाटावर, गाद्यांच्या मागे ठेवला होता. तुझ्या दादाला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, पण डबा मात्र बरोबर सापडला. संध्याकाळपर्यंत तळ दिसला.

आरोग्य ऑफिसच्या कामामुळे गावात मला आता सगळे आहारताई म्हणतात. काही प्रेमाने, काही दात ओठ खात. घरोघर जाऊन सांगते की पाहुण्याला रंगीत बाटलीतलं गोड पाणी देऊ नका, साधं पाणी द्या, मुलांच्या हातात फळ द्या, दाराशी चार भाज्या लावा, मीठ आणि साखर हात आखडून वापरा. सुतारीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, पाहुण्याला नुसतं पाणी दिलं तर त्याला वाटेल निघायला सांगताहेत." मग आम्ही ठरवलं, पाण्याबरोबर काकडीच्या फोडी द्यायच्या. आता पाहुणे बसतात, आणि काकड्या संपेपर्यंत उठत नाहीत.

सगळं गाव सुधारेल, घरचं माणूस सोडून. ह्यांच्या शिलाईच्या दुकानाला लागूनच चहावाल्या मामांची टपरी. दिवसातून दोनदा हे कपाळावर हात मारून तिथल्या बाकड्यावर कोसळतात. "मामा, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, जीव घाबरा झालाय, दोन चमचे साखर टाका, नाहीतर आहारताई विधवा होतील." टपरीवरचे सगळे हसतात आणि मामा विरघळतात. मग बायका मला ऐकवतात, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डॉक्टरांनी परवा मधुमेहाची गोळी वाढवून दिली. मी ह्यांच्यापुढे हात टेकले आहेत.

वहिनी

२० ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की सुपरवायझर बघायला आली. दादा लहानपणापासून असाच. शाळा बुडवायची तर पोट धरून असा लोळायचा की आईला खरं वाटायचं, आणि शाळेची गाडी गेली की उठून बोरं पाडायला जायचा.

पण हसून झाल्यावर मला बाबा आठवले. साखरेमुळे त्यांचा पाय कापला तेव्हा तू लग्न होऊन आली नव्हतीस. घरात पट्ट्यांचा तो वास, आणि बाबा विचारायचे, माझी दुसरी चप्पल कुठे ठेवलीत. वहिनी, दादाचं तसं झालेलं मला बघवणार नाही. तू त्याच्यावर रागावतेस, त्याने काही होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

माझं ऐक. मुळावर घाव घाल. त्या मामांनाच धर. एकट्यात नको, टपरीवर गर्दी असेल तेव्हा सगळ्यांसमोर शब्द घे की ह्या माणसाला साखर द्यायची नाही. त्याने कितीही नाटक केलं, लोळला, डोळे फिरवले, तरी भुलायचं नाही म्हणून बजाव. मामा शब्दाचे पक्के आहेत असं तूच म्हणतेस. मग बघ दादा कसा सुतासारखा सरळ होतो.

डबा पाठवणार नाही. कान धरून वचन देते.

बेबी

१४ सप्टेंबर

बेबी,

काम फत्ते. बाजाराच्या दिवशी टपरी गच्च भरलेली असताना मी गेले आणि मामांकडून शब्द घेतला. मामा म्हणाले, "ताई, आजपासून ह्यांना माझ्या हातून साखरेचा दाणा मिळाला तर टपरी बंद करेन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझे दादा दुकानाच्या दारात टेप गळ्यात घालून उभे होते. म्हणाले, "घरभेदी कुठली!"

गुण आला आहे. साखर उतरली. जेवण मोजकं झालं, पोट आत गेलं, स्वतःच्या विजारी स्वतःच कमरेत आवळून घेताहेत. एकदा डॉक्टरांना दाखवून गोळीचं विचारायचं आहे, पण सध्या शाळेच्या गणवेशांची घाई आहे. तेवढं काम उरकलं की नेते.

परवा मला म्हणाले, "तू गावाला पाणी पाजलंस, मला पण पाजलंस." मला बरं वाटलं.

वहिनी

६ नोव्हेंबर

वहिनी,

तुमच्याकडून परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. घरी बसून काय करू? पट्ट्यावरून बिस्किटं येतात, मी उचलून भरते. बाजूची बाई विचारते, भाऊ कसा आहे. मी म्हणते, आहे.

इस्पितळात दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी हाक मारली तर पुन्हा पाहिलं, खिडकीकडे पाहावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं त्याची मी रोज मनात उजळणी करते. जेवण कमी झालं पण गोळी तीच राहिली, त्या दिवशी गणवेशांच्या नादात त्याने जेवणही टाळलं, रक्तातली साखर फार खाली गेली, आणि तशीच खूप वेळ राहिल्याने मेंदूला इजा झाली. हातपाय हलतील, माणूस परत येईल असं नाही. हे ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की मी पुन्हा विचारलं.

पण एक मला गिळवत नाही. तुमच्या शेजारणीने मला बसस्टॉपवर सांगितलं. दादा घामाने भिजून टपरीवर गेला होता. जीभ जड झाली होती. साखर मागत होता. आणि त्या मामाने समोर साखरेचा डबा असताना त्याला पाण्याचा ग्लास दिला! बाकीचे हसत होते म्हणे. दादा परत जाऊन मशीनवर डोकं टेकून पडला, तर म्हणाले रुसला. संध्याकाळपर्यंत कुणी हात लावून बघितलं नाही.

आणि आता शेजारीण म्हणते, तोच माणूस रोज तुमच्या घरी येतो. हे खरं आहे का?

बेबी

१९ नोव्हेंबर

बेबी,

हो, येतात.

सकाळी मी ह्यांना उठवते. तोंड पुसते. खुर्चीत बसवते, खुर्ची खिडकीशी ठेवते. मऊ भात आणि भाजी शिजवते, कालवते, मिक्सरमधून काढते. मग चमचा पुढे करते आणि हे ओठ मिटून घेतात. मी थांबते. पुन्हा चमचा. पुन्हा ओठ मिटलेले. कधी एखादा घास आत जातो, तो जिभेने बाहेर ढकलतात. मग मी तो पुसते.

दुपारी टपरी झाकून मामा येतात. स्वतःच्या घरून डबा आणतात. शेजारी स्टुलावर बसतात, आज कोण आलं, कोणाची सायकल कशी पडली, काहीबाही बोलत राहतात. एक घास स्वतः खातात, एक ह्यांच्यापुढे धरतात. हे खातात. डबा संपतो. मी भिंतीशी उभी राहून बघते.

डॉक्टर म्हणाले होते ओळख राहिलेली नाही. तरी मला वाटतं कुठेतरी राग राहिला असेल. माझ्या हातचं खायचं नाही एवढं तरी लक्षात असेल.

तू विचारशील मी कशी आहे. मला काही होत नाही. रडू येत नाही, झोप येते. ऑफिसने विचारलं, कामावर कधी येणार. मी म्हटलं, बघते. गावात पुन्हा रंगीत बाटल्या दिसायला लागल्यात असं कानावर आलं. आलं तसं गेलं. मामांच्या टपरीवर मात्र कुणी फिरकत नाही. बाकडी रिकामी असतात.

वहिनी

१ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं आहे. ज्याने मारलं त्याच्याच हातून तू त्याला भरवतेस? टपरीवर कुणी जात नाही हे ठीकच झालं. मी तर म्हणते पोलिसात तक्रार करायला हवी होती. अजूनही करता येईल, मी चौकशी केली आहे.

दादाला मी घेऊन येते. इथे माझी एक खोली आहे, पण गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे, नर्स घरी येते. पुढच्या महिन्यात रजा टाकली आहे, गाडीचंही बोलले आहे. तोपर्यंत त्या माणसाला उंबरा ओलांडू देऊ नकोस. एवढं तरी माझं ऐक. माझ्या भावाचं ताट त्याच्या हाती नको.

तू काही लपवते आहेस असं मला वाटतं. तू अशी नव्हतीस. सरळ लिही.

बेबी

९ डिसेंबर

बेबी,

सरळ लिहिते.

मामांनी साखर दिली नाही कारण मी त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता. सप्टेंबरात तुला लिहिलं होतं. बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर. कितीही नाटक केलं तरी भुलू नका, असंही मीच म्हटलं होतं. ती कल्पना माझीच. कोणी सुचवली नव्हती.

ह्यांची नाटकं सगळ्यांनी इतक्यांदा पाहिली होती की खरं आलं ते कुणाला ओळखू आलं नाही. कपाळावर हात, बाकड्यावर कोसळणं, जड जीभ, सगळं तेच. घाम तेवढा नवा होता. मामांनी पाणी दिलं. तेही माझंच शिकवणं. काहीही झालं तर आधी पाणी, असं मी घरोघर सांगत फिरत होते. साखर फार उतरली तर काय होतं, घाम येतो, हात कापतात, तेव्हा लगेच साखर तोंडात घालायची, हे मी एकाही घरात सांगितलं नाही. आमच्या शिकवणीत ते होतं. मी म्हटलं, आधी ह्यांची साखर सोडवू, मग ते सांगू, नाहीतर लोकांना निमित्तच मिळेल.

तक्रार करायची तर माझ्यावर कर. पोलीस आले तर मी हेच सांगेन.

मामांना उंबरा बंद केला तर ह्यांच्या पोटात काही जाणार नाही. डॉक्टर म्हणतात, असंच न खाता राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल. तिकडे नेलंस तर तिथे कोण भरवेल ते आधी ठरव. तू ये. येऊन बघ आणि मग ने.

हे पत्र आजच पेटीत टाकते.

वहिनी

७ जानेवारी

वहिनी,

पोचले. गाडी रिकामीच परत आणली, ड्रायव्हर वाटभर मला विचारत होता, पेशंट कुठे आहे.

तुझं ते पत्र वाचून मी तुझ्याशी कायमचं तोडायच्या तयारीने आले होते. खरं सांगते. पहिल्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही ते थकले म्हणून नव्हे. मला वाटलं, मी सख्खी बहीण, माझ्या हातून खाईल. तुझ्या पातेल्यातला भात घेतला, "दादू, आ कर" म्हटलं, लहानपणी तो मला म्हणायचा तसं. त्याने ओठ मिटले. मी गाल दाबून बघितले, तुला कळू दिलं नाही. तो ओरडला, तेव्हा सोडलं. नंतर अंगणात जाऊन बसले.

दुपारी मामा आले. मला बघून दारातच थांबले. मग खाली मान घालून आत गेले. बाकीचं तू लिहिलं होतंस तसंच. डबा संपला. जाताना त्यांच्यामागे मी टपरीपर्यंत गेले, चार शब्द सुनवायला. रिकाम्या टपरीवर ते कप विसळत होते, कुणीच चहा घेतला नव्हता तरी. मी म्हटलं, "तुम्हाला घाम दिसला नाही?" ते म्हणाले, "दिसला, बेबी. मला वाटलं उन्हाचा असेल. हातात चमचा घेतला होता. मग सगळे म्हणाले, मामा, शब्द! मी चमचा ठेवला." एवढंच. मी बाकड्यावर बसले. चहा मागितला. त्यांनी दिला. बिनसाखरेचा होता, ते विसरले की मी, कोण जाणे, तसाच प्यायले.

येताना गाडीत मला माझं ऑगस्टचं पत्र आठवलं. मुळावर घाव घाल. सगळ्यांसमोर शब्द घे. लोळला, डोळे फिरवले, तरी भुलायचं नाही. ते माझे शब्द होते वहिनी, अक्षरन् अक्षर. आणि तू लिहिलंस, कल्पना माझीच, कोणी सुचवली नव्हती. मला वाचवायला निघालीस. मी मात्र तुला शिव्या देत होते. गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मला तुझी क्षमा मागायची आहे, पण कुठून सुरू करू ते समजत नाही.

दादाला नेलं नाही. तो तुमच्या दोघांजवळ, म्हणजे तू आणि मामा, तिथेच राहू दे. मी दर महिन्याला येईन.

एक सांगू? रागावू नकोस. तुझ्याकडे राहिले तेवढे दिवस जेवले, पण कशातच मीठ नव्हतं. भातात नाही, भाजीत नाही, वरणातसुद्धा नाही. आधी वाटलं तुमच्या गावचा नियमच आता तसा झाला असेल. घरात एवढं सगळं झालेलं, मीठ मागायला माझी जीभ रेटली नाही, तशीच गिळत होते. पण इतकं कडक नको गं. आणि तू स्वतः कधी जेवतेस? मला तर तू एकदाही जेवताना दिसली नाहीस. माझं ताट वाढायचीस आणि ओट्याशी काहीतरी पुसत राहायचीस.

बेबी

१५ जानेवारी

बेबी,

आमचा नियम कमी मिठाचा आहे. बिनमिठाचा कधीच नव्हता.

तुझं पत्र ओट्याशी उभी राहून वाचलं. ह्यांचा भात नुकताच झाला होता. झाकण काढलं, चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. मला काही कळेना. पुन्हा घेतला, भाजी घेतली. आळणी. नुसता ओला चिखल. मग आठवायला लागले की शेवटचं कधी चाखलं होतं, आणि आठवेना. इस्पितळातून आल्यापासून मी स्वयंपाक करते, कालवते, भरवते, पुसते. चाखलेलं नाही. मला भूक लागत नव्हती. चहात पाव बुडवून खाल्ला की माझं होत होतं.

मिठाची बरणी उघडली तर मीठ दगड झालेलं. चमचा आत जाईना. बत्त्याने फोडलं. बेबी, इतके महिने ती बरणी मी उघडलीच नव्हती. मला वाटत होतं, हे माझ्यावर रागावलेत. मी त्यांना रोज आळणी चिखल भरवत होते आणि त्यांच्या मिटलेल्या ओठांत माझा गुन्हा वाचत होते. मामांच्या घरचं जेवण मिठाचं असतं, एवढंच होतं ते.

भातात मीठ घातलं. चाखलं. पुन्हा किंचित घातलं. ताट घेऊन ह्यांच्यासमोर बसले, स्टुलावर, मामा बसतात तिथे. चमचा पुढे केला. ओठ मिटलेलेच होते, सवयीने. मी तो घास स्वतः खाल्ला. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग दुसरा पुढे केला आणि ह्यांनी तोंड उघडलं.

तिसरा घासही घेतला. चौथाही.

मला इतका राग आला! मी ओरडले, "मग इतके दिवस सांगायला काय झालं होतं? तोंड नाही का तुम्हाला? मीठ नाही म्हणून एकदा तरी ताट आपटायचं!" ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यावर मी ओरडत होते. आणि ओरडता ओरडता रडायला लागले. शेजारीण धावत आली आणि दारातूनच परत गेली. ह्यांना माझ्या रडण्याचं काही नव्हतं. ते ताटाकडे बघत होते. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

क्षमेचं तू काढू नकोस. तू लिहिलंस, मी केलं, मामांनी पाळलं, गाव हसलं. कोणाचा वाटा किती ते मला आता वाटून घेता येत नाही. सोमवारपासून मी कामावर जाते आहे. पहिल्यांदा टपरीवरच जाईन. गर्दी नसेल, तर बायकांना मीच बोलावून आणेन. घाम, कापणारे हात, अडखळणारी जीभ, आणि ताबडतोब साखर, हे सगळं सांगेन, आणि कोणाचं काय झालं तेही सांगेन. मामांना शेजारी उभं करून.

मी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्या आधी मामा नेहमीप्रमाणे डबा घेऊन आले होते. रिकामं ताट बघितलं, माझे डोळे बघितले, ह्यांच्या हनुवटीवरचा भात बघितला. काही न विचारता डबा पिशवीत ठेवला आणि जायला वळले. आपली गरज संपली असं त्यांना वाटलं असावं.

मी म्हटलं, "मामा, जाऊ नका. डबा उघडा. मला भूक लागलीय."

वहिनी